बसून जायची गाडी

डच हार्बर, अलास्का
१२ ऑक्टोबर २०१४

फेलिक्स काकांना,

तुम्ही मला ओळखत नाही. मी ओलेक, तुमच्या भावाचा, झिग्मुंतचा मुलगा. माझं पोलिश शनिवारच्या शाळेतलं आहे, आणि ती शाळा मी दहाव्या वर्षीच सोडली. पुढे इंग्रजी शाळाही सोडली. तेव्हा चुका पोटात घाला.

बाबा सप्टेंबरमध्ये गेले. हृदयाचं होतं. तुम्हाला कुणी कळवलं असेल असं वाटत नाही, कारण आमच्या घरात तुमचा पत्ता फक्त बाबांच्या डोक्यात होता. मी गावाचं नाव, तुमचं नाव आणि पोलंड एवढंच पाकिटावर लिहितोय. लिपोवा गूरा काही वॉर्सा नाही, पोस्टमनला दुदेक आडनावाचा माणूस सापडेल.

मी तेव्हा मासेमारीच्या बोटीवर होतो. इथे बेटांच्या पलीकडे गेलं की फोन लागत नाही. बातमी पोचली तोवर त्यांना पुरूनही झालं होतं. आईनं नंतर मिशिगनच्या घरून फोनवर सांगितलं, चर्चची रांग कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत गेली होती. समोरचा शफीक, त्याचं किराणा दुकान आहे, मूळचा बांगलादेशचा, त्यानं त्या दिवशी शटर खाली ओढलं. ईदलासुद्धा तो अर्धा दिवस उघडं ठेवतो.

मला एक कळत नाही काका. एका माणसासाठी एवढे लोक कसे येतात? ते गिअरच्या कारखान्यात मशीनवर होते. घरी यायचे, सूप प्यायचे आणि लगेच बाहेर. आज कुणाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, उद्या चर्चच्या तळघरात टेबलं लावा, परवा कब्रस्तानातलं गवत काढा. पोलंडहून कुणी नवं आलं की विमानतळावर बाबाच. माझ्या वाढदिवसाला केक कापून झाला की ते दार उघडून म्हणायचे, "येतोच दहा मिनिटांत." आई म्हणायची, "कुठल्या वर्षीची दहा मिनिटं?" तरी झोपायच्या आधी माझ्या खोलीत येऊन खिडकीची फट बंद झालीय का ते बघायचे. रोज. मी एकोणीस वर्षांचा झालो तरी.

आता मुद्द्याचं. हॉस्पिटलमध्ये त्यांनी आईला सांगितलं, "माझ्यावर माझ्या आईच्या कबरीवरची मूठभर माती टाका." बस, एवढंच. आमच्याकडे सगळ्या म्हाताऱ्यांना गावची माती लागते, पण त्यांना गावची नको होती, आजीच्याच कबरीची हवी होती. त्यांच्या कबरीचा दगड मे महिन्यात बसणार, आत्ता जमीन गोठते. दगड बसायच्या आत माती यायला हवी. ती देणारे फक्त तुम्ही आहात.

एखाद्या डब्यात घालून पाठवाल का? किंवा तुम्हीच या. खरंच या. मी स्वतः करावान घेऊन तुम्हाला न्यायला येईन. जुनी आहे, पण बाबांनी आतून अगदी स्वच्छ ठेवली आहे, आणि थकला असाल तर मागच्या सीट काढल्या की माणूस आरामात आडवा होतो. सगळ्या गावाला बाबांनी तिच्यातून नेलं, तुम्हीच तेवढे राहिलात.

सोबत फोटो आहे. बाबा आणि करावान.

तुमचा पुतण्या,
ओलेक

डच हार्बर
३० नोव्हेंबर २०१४

फेलिक्स काका,

फोटो परत आला. मागे तुम्ही एक ओळ लिहिली आहे, "अशी थट्टा दोनदा होत नाही." मी ती कँटीनच्या दिव्याखाली, मग बाहेर बर्फात, मग अंथरुणात वाचली. प्रत्येक शब्द कळतो. ओळ कळत नाही.

कसली थट्टा?

मला राग आलेला नाही. मी फक्त विचारतोय. मी असाच आहे, एखादी गोष्ट कळली नाही की मला स्वस्थ बसवत नाही. त्यापायी तीन नोकऱ्या सुटल्या. मागच्या बॉसला मी विचारलं होतं की हा पट्टा उलटा का फिरवत नाही. त्यानं पट्टा तसाच ठेवला, मला मात्र उलटं फिरवलं.

आईला फोन केला. ती म्हणते, "दोघा भावांचं शेतावरून बिनसलं होतं, तुझ्या बाबांनीच मला सांगितलंय." शेतावरून बिनसलं असेल तर माती पाठवायला जड जात असेल हे मी समजू शकतो. पण थट्टा कुठे आली त्यात? आणि दोनदा म्हणजे? मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहिलं.

म्हणून मी बसून आठवतोय, बाबा थट्टा कशी करायचे. करायचे, पण त्यातली अर्धी मला कधी कळली नाही. आमच्या गल्लीत ब्रोन्या काकू आहेत, आता नव्वदीच्या जवळ. गाडीची पुढची सीट त्यांची. त्या चढताना दर वेळी म्हणायच्या, "झिग्मुंत, मी अजून बसूनच जातेय हं." आणि बाबा म्हणायचे, "जोवर मी चालवतोय तोवर बसूनच, काकू." मग दोघं हसायचे. मला वाटायचं गुडघ्यांवरून चाललंय.

आणि विमानतळावरचं भाषण. पोलंडहून आलेल्या माणसाला बाबा सरळ गाडीत बसू द्यायचे नाहीत. आधी बॅगा खाली ठेवायला लावायचे. मग बॉनेटवर थाप मारून सांगायचे, "ही करावान. इथे हिला असंच म्हणतात. घाबरायचं नाही, हिच्यातून आपण बसून जायचं." मगच दार उघडायचे. थंडीत माणसं कुडकुडत उभी असायची आणि यांचं आपलं चाललेलं. एकदा शफीकची आई आली सिल्हेटहून. शफीकची गाडी बंद पडलेली, म्हणून बाबा गेले, मीही होतो. त्या माउलीला पोलिशचा एक शब्द येत नव्हता. तिलाही बाबांनी बॅगा खाली ठेवायला लावल्या, थाप मारली आणि सगळं भाषण पोलिशमध्ये केलं. ती डोक्यावरचा पदर सावरत गंभीरपणे मान हलवत होती. शफीक मला हळूच म्हणाला, "तुझे बाबा काय दुवा म्हणतायत का?" मी म्हटलं, असेल.

अजून एक. आमच्या गाडीच्या मागे नाव नाही. कंपनी लावते ना अक्षरं, ती बाबांनी काढली. ही तिसरी गाडी. तिन्हींची अक्षरं त्यांनी स्क्रू ड्रायव्हरनं उचकटली. भोकं गंजली. मी विचारलं तर म्हणाले, "नाव जड असतं रे, पेट्रोल खातं."

यातलं काही तुम्हाला लागलं का? मी पत्रात असं काय लिहिलं? चुकीचा शब्द गेला असेल तर सांगा. मी पोलिश लिहितो म्हणजे पाण्यात हात घालून मासा धरतो, हातात काय येईल ते मलाच ठाऊक नसतं.

मातीचं विसरू नका. मे महिना लांब आहे, पण इतकाही नाही.

ओलेक

डच हार्बर
२५ जानेवारी २०१५

काका,

आता कळलं.

इथे नव्या हंगामाला रिशेक नावाचा माणूस आलाय. ग्दिनियाचा, पन्नाशीचा, आधी जहाजावर होता. मासे कापायच्या टेबलावर माझ्या शेजारी उभा असतो. इतक्या महिन्यांत पोलिश बोलायला कुणी नव्हतं, म्हणून मी त्याला तुमच्या ओळीबद्दल विचारलं.

"काय लिहिलं होतंस तू?"

आठवेल तसं सांगितलं.

"मधलं परत म्हण. न्यायला येईन म्हणालास ते."

"करावान घेऊन न्यायला येईन."

"पुढे?"

"मागच्या सीट काढल्या की आरामात आडवं होता येतं. सगळ्या गावाला नेलं, तुम्हीच तेवढे राहिलात."

त्यानं सुरी खाली ठेवली. हातमोजे काढले. म्हणाला, "गाढवा, करावान म्हणजे काय ते ठाऊक आहे का तुला?"

"गाडी. सात जण बसतात. कंपनीनंच नाव दिलंय, कॅरव्हान. आमच्याकडे सगळे करावानच म्हणतात."

"तुमच्याकडे. आमच्याकडे करावान म्हणजे मयताची गाडी. काळी, लांब. तिच्यातून माणूस एकदाच जातो, आणि झोपून जातो."

मी म्हटलं, खोटं. तो म्हणाला, "फोटो पाठवला होतास ना? दाखव." मी खोलीतून आणला. फोटो बघून मात्र तो खाली बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. तुम्ही तो बघितलाच आहे. बाबा काळ्या कोटात, काळी गाडी, आणि गाडीवर पांढऱ्या फुलांचे हार. काका, ती चर्चच्या मिरवणुकीची फुलं आहेत. छोट्या मुली मागे बसल्या होत्या, त्या फोटोत येत नाहीत. काळा कोट बाबांचा एकच होता.

म्हणजे तुम्ही काय वाचलंत ते आता मला दिसतं. इतक्या वर्षांनी भावाच्या मुलाचं पत्र येतं. भाऊ मेला म्हणून सांगतं, मग म्हणतं, मी शववाहिका घेऊन तुला न्यायला येतो, आत पाय पसरून झोप, आता तुझाच नंबर आहे, आणि हा घे फोटो. मी तुमच्या जागी असतो तर फोटो परत पाठवला नसता, चुलीत घातला असता.

हसू का रडू ते कळेना. थोडं थोडं दोन्ही झालं. माझ्या मनात तसं काही नव्हतं, एवढं मात्र माना. माझ्यासाठी तो शब्द म्हणजे मागच्या सीटवर सांडलेल्या सूपाचा वास.

पण रिशेक हसून थांबल्यावर मी त्याला तुमची ओळ परत दाखवली. त्यानं ती दोनदा वाचली. म्हणाला, "यात 'दोनदा' आहे." मी म्हटलं, तेच तर विचारतोय. तो म्हणाला, "मग पहिल्यांदा कुणीतरी केली असणार."

ब्रोन्या काकूंचं हसणं आता कळलं, बसून जातेय ते. भाषणही कळलं, बसून जायचं ते. म्हणजे बाबांना शब्दाचा अर्थ ठाऊक होता. मग तो शब्द त्यांनी टाकून का दिला नाही? साधं 'गाडी' म्हणता आलं असतं. शब्दाला भ्यायचे म्हणावं तर प्रत्येकासमोर स्वतःच उच्चारायचे. भ्यायचे नाहीत म्हणावं तर अक्षरं का उचकटायची?

काका, पहिल्यांदा कुणी केली? बाबांनी? तुमच्याशी?

मला शेताचं काही नको. तेवढं एक सांगा.

ओलेक

डच हार्बर
८ मार्च २०१५

फेलिक्स काका,

तुमचं पत्र पोचलं. अक्षर माझ्यानं लागेना, म्हणून रिशेककडून वाचून घेतलं. कपडे धुवायच्या खोलीत, मशीनच्या आवाजात, कारण तिथे कुणी येत नाही. मधे एके ठिकाणी तो थांबला आणि म्हणाला, "पुढचं तू वाच." मी म्हटलं मला येत नाही. मग त्यानंच वाचलं.

मी माझ्या शब्दांत परत लिहितो. कुठे चुकलो तर सांगा.

आजी यायला निघाली होती. मला बघायला. मी दोन वर्षांचा होतो. बाबांनी तिकीट पाठवलं होतं. गावात फोन फक्त सरपंचाकडे, तेव्हा आजी, तुम्ही आणि ऐकायला मिळेल म्हणून आलेली अर्धी आळी सरपंचाच्या ओट्यावर. आजीनं विचारलं, "झिग्मुंत, मला भाषा येत नाही, तिकडे मला ओळखणार कोण?" आणि बाबा ओरडून म्हणाले, कारण लाइन खराब होती, म्हणून ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू आलं, "काळजी करू नकोस आई, मी स्वतः करावान घेऊन तुला न्यायला येतोय."

आजीनं फोन ठेवला. सरपंच म्हणाला, "स्तेफान्या, पोरगा अमेरिकेत एवढा मोठा झाला की आईसाठी आतापासून मयताची गाडी घेतली." लोक हसले. आजी हसली नाही. घरी जाऊन तिनं बॅग उघडली, कपडे परत कपाटात ठेवले आणि माझ्यासाठी आणायची अळंब्यांची माळ परत खिळ्याला अडकवली. म्हणाली, "त्याला काहीतरी दिसलं असेल. मी तिकडे मरायला जाणार नाही." फेब्रुवारीत ती तुमच्याच घरात गेली. बाबा मातीला आले नाहीत. तुम्ही त्यांना लिहिलं, तुझ्या जिभेनं तिला नेलं. त्यांचं उत्तर आलं नाही. वीस वर्षं आलं नाही.

काका, ती थट्टा नव्हती.

हे मी बापाची बाजू घेतोय म्हणून लिहीत नाही. मी ब्रोन्या काकूंना फोन केला. त्यांना सगळं विचारता येतं, फक्त ओरडून विचारावं लागतं. त्या म्हणाल्या, "अरे, इथे सगळेच म्हणतात. आठ-दहा वर्षं झाली की शब्द तोंडात कूस बदलतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. पलीकडून कुणी आलं आणि त्याचं तोंड पांढरं पडलं की मग आठवतं." बाबांना इथे येऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. नवी गाडी घेतली होती. नवी म्हणजे जुनीच, पण आमची पहिली. आईला आपल्या गाडीतून न्यायचं म्हणून खूश होऊन ओरडला असेल माणूस. त्या आनंदात तो शब्द तिकडे काय होऊन पोचला हे त्यांना तुमच्या पत्रातूनच कळलं असणार.

मातीला आले नाहीत, कारण तेव्हा त्यांचे इथे राहायचे कागद व्हायचे होते. गेले असते तर परत येऊ दिलं नसतं, आणि इथे आई होती, मी होतो. हे मला आईनं काल सांगितलं. शेताची गोष्ट खोटी होती हे मी तिला सांगितलं. मग म्हणाली, "रविवारी दुपारी पेन घेऊन बसायचे. कागद समोर. मी कॉफी ठेवून जायचे. परत यावं तर कागद कोरा आणि हे बाहेर गाडी धुतायत. मला वाटायचं, लिहायचा कंटाळा."

मी म्हटलं, आई, कितीदा धुतली असेल ती गाडी?

ती म्हणाली, "तूच बघितलीयस ना. रंग गेला धुऊन धुऊन."

आता माझ्या प्रश्नाचं. मी टेबलावर मासे कापताना हे जुळवलंय, बरोबर का ते तुम्ही सांगा, तुम्ही त्यांना लहानपणापासून ओळखता. अक्षरं काढायचे, कारण पलीकडून आलेल्या माणसानं तो शब्द आधी वाचू नये. आणि भाषण करायचे, कारण तो शब्द त्यानं दुसऱ्या कुणाकडून ऐकू नये, हसणाऱ्या माणसाकडून तर नाहीच. समोर उभं राहून, गाडीला हात लावून, आधी सांगायचं, मग दार उघडायचं. सरपंचाच्या ओट्यावर जे सांगता आलं नाही ते प्रत्येक म्हातारीला सांगायचं. शफीकच्या आईलासुद्धा. तिला भाषा येत नव्हती, आणि विमानतळावर आपल्याला कोण ओळखेल याची तिलाही भीती असणार.

हे बरोबर असेल तर मी बावीस वर्षं एका वेगळ्याच माणसाच्या घरात राहिलो असं म्हणावं लागेल. मला वाटायचं, त्यांना घरात करमत नाही. मलाही करमत नाही, म्हणून मला ते ओळखीचं वाटायचं. ते कशामागे जायचे हे मी कधी विचारलंच नाही, आणि बाकी सगळ्या जगाला मी काय काय विचारत फिरतो.

मातीचं. तुम्ही डबा भरून पोस्टात गेलात हे वाचून मी रिशेकला परत वाचायला लावलं. म्हणजे फोटो परत पाठवणारा माणूस आजीच्या कबरीवर वाकून चहाच्या डब्यात माती भरत होता. पोस्टातल्या बाईनं माती घेता येत नाही म्हटलं, ते खरंच आहे, रिशेकही तेच म्हणतो. आता डबा तुमच्या खिडकीत आहे आणि तुम्ही विचारता, पुढे काय करू.

तुम्ही या. गुडघे दुखतात, कधी विमानात बसलो नाही, सत्तरी उलटली, हे सगळं तुम्ही लिहिलंय आणि मला ते मान्य आहे. आजीलाही सगळं हेच होतं, आणि तरी तिनं बॅग भरली होती.

फोटो परत मागितलात, तो सोबत आहे. नीट बघितलात तर गाडीच्या काचेत एका मुलीचा हात दिसतो.

ओलेक

हॅमट्रॅमिक, मिशिगन
२० एप्रिल २०१५

फेलिक्स काका,

तुम्ही येताय हे आईला मी स्वयंपाकघरात सांगितलं. तिनं हातातला चमचा पातेल्यात सोडला आणि तो शोधायच्या नादात बराच वेळ माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मग म्हणाली, "त्यांना बिटाचं सूप आंबट लागतं की गोड?" ते कळवा.

मी घरी आलोय. किती दिवस ते विचारू नका, आईही विचारत नाही. रिशेक म्हणाला, तुझा पाय एका जागी ठरत नाही, तर गाडीच्या पेडलवर ठेव. आलो तेव्हा किल्ली दारामागच्या खिळ्याला होती आणि बॅटरी मेलेली. शफीकनं त्याच्या गाडीवरून चालू करून दिली. त्यानं मला विचारलं, तुझ्या बाबांची ती दुवा तुला येते का? मी त्याला ती काय होती ते सांगितलं. तो आत जाऊन त्याच्या आईला सांगून आला. परत आला तेव्हा म्हणाला, "आई म्हणते, तिला तेव्हाच कळलं होतं." मी म्हटलं, पोलिश? तो म्हणाला, "नाही. घाबरू नकोस म्हणतोय एवढं."

पहिल्या गुरुवारी ब्रोन्या काकूंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. त्या फाटकात पर्स धरून उभ्या. मी दार उघडलं तर चढेनात.

"काय झालं, काकू?"

"आधी सांग."

मी गाडीच्या पुढे गेलो. बॉनेटवर थाप मारली, ती जरा जोरात बसली. म्हटलं, "ही करावान. इथे हिला असंच म्हणतात. घाबरायचं नाही, हिच्यातून आपण बसून जायचं."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाल्या, "उच्चार भयंकर आहे. पण बसते." आणि चढताना माझा हात धरून म्हणाल्या, "झिग्मुंतचासुद्धा पहिल्यांदा आवाज कापला होता. ती पहिली सवारी मीच होते."

मी विचारलं, तेव्हा बाबांनी काही सांगितलं होतं का, आजीचं, किंवा फेलिक्स काकांचं. त्या म्हणाल्या, "काही नाही. फक्त मला बसवल्यावर गाडीला वळसा घालून परत माझ्याच बाजूला आला आणि दार नीट लागलंय का ते बघितलं." खिडकीच्या फटीसारखं. मी गाडी चालू केली, कारण डॉक्टरची वेळ होत होती.

दगडवाल्याला मी सांगितलंय, तुम्ही आल्याशिवाय दगड बसणार नाही. तो म्हणाला, "झिग्मुंतनं माझ्या आईला डायलिसिसला नेलं तीन हिवाळे, तू म्हणशील तेव्हा बसवू."

आता प्रवासाचं नीट वाचा, कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या.

माती आणता येत नाही. मी दोन ठिकाणी चौकशी केली. उतरल्यावर विचारतील, सामानात माती, बी, फळ आहे का. तुम्ही नाही म्हणा, कारण नसेलच. चहाचा डबा खिडकीतच राहू द्या, त्यात काहीतरी लावा. अळंब्याही आणू नका, माझ्यासाठी आणायचा मोह होईल, पण त्या काढून घेतील आणि तुम्ही भांडाल.

निघायच्या सकाळी मात्र आजीच्या कबरीपाशी जा. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर उत्तम. फरसबंदीवरून नाही, मातीतून चाला. तिला सांगा की झिग्मुंतच्या पोरानं गाडी पाठवली आहे, आणि या वेळी शब्द नीट समजावून सांगा, तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं पोलिश येतं. थोडा वेळ तिथे उभे राहा, टाचा जरा रुतू द्या. मग तेच बूट घालून विमानात बसा. बाई येऊन चप्पल देईल, मोजे देईल, घेऊ नका. पाय सुजले तरी काढू नका. कुणी विचारलंच की बूट इतके मळके कसे, तर म्हणा शेतकरी माणूस आहे, खोटं नाही ते.

विमानतळावरून आपण सरळ कब्रस्तानात, बाबांपाशी जाऊ. घरी सूप थांबेल.

बाहेर आलात की दारासमोर काळी गाडी दिसेल. मागे नाव नाही, भोकं आहेत. मी बॉनेटवर हात ठेवून उभा असेन. आधी भाषण करीन, मग दार उघडीन. हसू आलं तर हसा, पण ऐकून घ्या. पुढची सीट तुमची आहे, ब्रोन्या काकूंनी एका दिवसापुरती सोडली आहे.

बूट पुसू नका.

तुमचा,
ओलेक